घासून किती घासणार? : जुन्या मोटारीचा रंग आणि त्याचा इतिहास

तत्त्वज्ञानाच्या माणसानं सेकंडहँड स्पोर्ट्स कारच्या रंगावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. येऊ द्या. वसई-विरारच्या लोकांना हा विषय परका नाही. अहमदाबाद हायवेच्या कडेनं, फाट्याफाट्यावर डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजं आहेत आणि तिथे रोज एक प्रश्न हातानं सोडवला जातो : जुन्या वस्तूला नवं करताना तिच्यातलं किती काढून टाकायचं?

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. १९९८च्या सुमारास गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी तयार होऊ लागली. रेखाटन फ्रेंच, इंजिन रेनोचं १.२ लिटरचं, आणि अंग फायबरग्लासचं. फार थोड्या गाड्या बनल्या. आता यातली गंमत बघा. आपल्या खाऱ्या हवेत जुन्या पद्मिनीचा पत्रा खालून कुजतो, दाराच्या कडा हातात येतात. फायबरग्लासला गंज चढत नाही. म्हणजे या गाडीचं अंग वय सांगतच नाही. वय दिसतं ते फक्त रंगावर : बॉनेट फिकं, पांढरट, हात फिरवला तर खडूसारखी भुकटी लागते. मालक म्हणतो, ‘पॉलिश मारून द्या.’ त्याला वाटतं, पॉलिश म्हणजे काहीतरी लावणं. खरं तर पॉलिश म्हणजे काढणं.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल. सुरुवातीच्या मोटारी घोडागाड्यांसारख्याच रंगवत. तेलाचे आणि व्हार्निशचे हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळायची वाट बघायची. एका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डनं १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. कारखाना गाड्या भराभर ओतत होता आणि रंग मात्र वाळायला तयार नव्हता, ही त्या काळातली मोठी अडचण. ती फोडली अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीच्या ‘ड्युको’ने. १९२४च्या ओकलंड गाडीवर हा निळा रंग आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. ड्युको म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर टिपला, तिचं द्रव्यही नायट्रोसेल्युलोजच. सिनेमा आणि मोटारीची चकाकी एका घरातल्या, असं म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे कंपनीचं नाव विस्मरणात गेलं, पण शब्द राहिला. आजही सुतार कपाटाला ‘ड्युको मारू का?’ असं विचारतो.

ड्युकोचा स्वभाव नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तो वाळतो तो फक्त थिनर उडून गेल्यामुळे. पुन्हा थिनर लागला की पुन्हा विरघळतो. म्हणून नवा हात जुन्यात मिसळून जातो, जोड दिसत नाही. जुन्या पेंटरांची करामत इथेच होती : चार बोटांएवढी जखम तेवढीच भरायची आणि कडा विरघळवून टाकायच्या. पावसाळ्यात मात्र हेच लॅकर रुसायचं. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधाळ होतो. वसईच्या जुलै-ऑगस्टात शहाणा पेंटर स्प्रेगन खुंटीला टांगून ठेवी, यात आळस नव्हता, रसायनशास्त्र होतं.

पुढे, विशेषतः १९८०नंतर, दोन थरांची पद्धत रुळली : खाली रंग, वर पारदर्शक क्लिअर कोट. ‘टू-के’ रंगात हार्डनर मिसळला की रासायनिक जाळं विणलं जातं. ते पुन्हा विरघळत नाही. चकाकी टिकाऊ झाली, पण जुन्यात नवं मिसळायची सोय गेली. आणि या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यानं दमा जडतो, हे वैद्यकाला चांगलं माहीत आहे. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्याकडे तोंडाला रुमाल बांधतात. रुमाल हे वाफेवरचं उत्तर नव्हे. आमच्या मते, जुन्या गाडीच्या सौंदर्यावर चर्चा करणाऱ्यांनी आधी या रुमालावर बोलावं. मालकाला आरशासारखं बॉनेट हवं असतं. ते ज्याच्या फुफ्फुसातून जातं त्याचं नाव बिलावर नसतं.

तर आपली स्टॉर्म. काळ सांध्यावरचा, म्हणून एकच थर की दोन, हे गाडीलाच विचारावं. पांढऱ्या फडक्याला थोडं रबिंग कंपाउंड लावून कोपऱ्यात घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर एकच थर. मेलेली पापडी काढली की खालचा जिवंत रंग वर येतो. फडकं पांढरंच राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. आणि त्याचे पापुद्रे सुटत असतील तर जगातलं कुठलंही पॉलिश ते परत चिकटवत नाही. मग हिशेब करावा लागतो. सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. २००० नंबरचा पेपर आणि वर बफिंग मशीन, असा एक दणदणीत फेरा झाला की त्यातले काही मायक्रॉन कायमचे गेले. कडांवर, घड्यांवर थर आधीच पातळ. मशीन तिथे क्षणभर रेंगाळलं की खालचं अंग दिसू लागतं. फायबरग्लासवर रंग पूर्ण उतरवायचा म्हटलं तर पेंट रिमूव्हरही चालत नाही, तो रेझिनलाच खातो. हातानंच घासावं लागतं.

मग पुरता नवा रंग मारला तर ती तीच गाडी का? आर.सी. बुकात रंगाचा रकाना असतो, म्हणजे सरकारच्या लेखी रंग हा ओळखीचा भाग. आपल्या दार्शनिकांनी हाच वाद मडक्यावर घातला होता. कच्चं मडकं भट्टीत लाल होतं. वैशेषिक म्हणाले, पाक परमाणूंचा होतो. जुना घट मोडतो आणि लाल परमाणूंचा नवा घट बनतो. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, छे, आख्खा घटच रंग बदलतो, घट तोच. हा पिठरपाक. वसईच्या पेंटरला विचाराल तर तो नैयायिक निघेल. संग्राहक मात्र वैशेषिक. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, म्हणजे ‘फिवा’नं, २०१२ साली स्वीकारलेली ट्यूरिन सनद संग्राहकांच्या बाजूला झुकते : शक्य तिथे जतन, अगदी गरज तिथेच पुनर्निर्मिती. ती सनद १९६४च्या व्हेनिस सनदेच्या वळणावर आहे, आणि व्हेनिस सनद इमारतींसाठी होती. म्हणजे वसईच्या किल्ल्याच्या उघड्या भिंतींना आज कोणी नवा चुन्याचा गिलावा देऊन चकचकीत करत नाही, तीच दृष्टी गाडीच्या बॉनेटपर्यंत आली.

आम्ही दोन्हीकडे थोडे थोडे आहोत. गाडी रस्त्यावर धावते, किल्ला धावत नाही. उघडं पडलेलं अंग ऊन-पावसात सोडता येत नाही. मात्र दाराच्या चौकटीत, डिकीच्या झाकणाखाली ऊन पोचलेलं नसतं. कारखान्यातला रंग तिथे बहुधा जसाच्या तसा असतो. नवा रंग जुळवायचा तो त्या तुकड्याशी. पेंटर विचारेल, ‘सर, इथंपण एक हात मारून टाकू?’ तिथे नको म्हणायचं, आणि तेवढ्या भागावर मास्किंग टेप आपण स्वतः लावायची.