पाखर आणि शिडी : जुन्नरच्या लुटीवरून एक विचार

लढाईंत अंगावर लोखंड किती वागवावें, हा प्रश्न रणगाड्यांच्या जन्माहून फार जुना आहे. घोड्यास पाखर व स्वारास बख्तर घातलें म्हणजे बाण व तलवार यांपासून रक्षण होतें. परंतु घोडा लवकर दमतो, त्यास दाणावैरण अधिक लागते, आणि हलक्या स्वारास सहज जातां येणारी वाट त्यास बंद होते. या जमाखर्चाचा ताळा पाहण्यास जुन्नर व आंबेगांव हा मुलूख आम्हांस विशेष सोयीचा वाटतो. पूर्वेस मंचरकडील मोकळी भूमि, पश्चिमेस नाणेघाट व आहुप्याचा घाट यांच्या अरुंद उतरणी. दोन्ही पक्षांची परीक्षा येथेंच होते.

एप्रिल १६५७ मध्यें शिवाजी महाराजांचे लोक रात्रीं दोराच्या शिड्या लावून जुन्नरच्या तटावर चढले व पहारेकऱ्यांस कापून शहरांत शिरले. या लुटींत २०० घोडे व ३ लाख होनांची मत्ता मिळाल्याचें सभासद सांगतो. शिडी चढणारास भार हाच शत्रु. वेग व गुप्तता हेंच त्याचें चिलखत. तथापि एवढ्यावरून हलकेपणाचा निर्विवाद विजय मानणें आमच्या मतें चुकीचें होईल. शहर लुटलें गेलें, पण माथ्यावरचा शिवनेरी मोंगलांकडेच राहिला. १६३० मध्यें ज्या किल्ल्यावर महाराजांचा जन्म झाला, तो त्यांच्या हयातींत स्वराज्यांत आला नाहीं. छाप्यानें द्रव्य मिळतें, किल्ला मिळत नाहीं.

शिवाय महाराजांनीं चिलखत त्याज्य मानलें असेंही नव्हे. १६५९ मध्यें प्रतापगडाखालीं अफजलखानाच्या भेटीस जातांना त्यांनीं अंगरख्याखालीं चिलखत व पागोट्याखालीं लोखंडी टोप घातला होता. तेथें दौड करावयाची नव्हती. घाव मात्र अगदीं जवळून येणार होता.

हाच न्याय रणगाड्यांसही लागू पडतो. १९६५ मध्यें असल उत्तर येथें पाकिस्तानचे पॅटन रणगाडे पाण्यानें भरलेल्या शेतांत रुतले व भारतीय तोफांच्या तावडींत सांपडले. उलट १९७१ मध्यें बसंतर नदीपलीकडे गेलेल्या पायदळाच्या साह्यास पूना हॉर्सचे सेंच्युरियन रणगाडे सुरुंगांच्या पट्ट्यांतून वेळेवर पोहोंचले नसते, तर तें ठाणें राखणें कठीण होतें.

सारांश, पोलादाची जाडी मोजण्यापूर्वीं भूमि कोणती व काम कोणतें, हें सेनापतीनें पाहावें. जुन्नरची शिडी व शिवनेरीचा तट, दोन्ही मिळून हेंच शिकवितात.