उघड बाजू आणि विकलेली बाजू

निवडणूक आली की मालवण, कुडाळ, कणकवलीत एक तक्रार हमखास कानावर येते: पेपरवाले कुणाच्या तरी खिशात गेले. तक्रार खोटी नाही. मात्र तिच्या मागे एक समजूत दडलेली असते, की पूर्वीची पत्रे मधोमध उभी राहून बातमी देत आणि हे पक्षपाताचे दुखणे अलीकडचे आहे. ही समजूत सिंधुदुर्गाने तरी तपासून घ्यायला हवी. कारण मराठीतले पहिले वृत्तपत्र ज्यांनी काढले ते बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत त्यांनी 'दर्पण' सुरू केले. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापायचा, म्हणजे रयतेचे म्हणणे राज्यकर्त्यांना आणि पश्चिमेकडची विद्या रयतेला कळावी, अशी त्या पत्राची रचना होती. हा हेतूच मुळी एक बाजू होती. 'दर्पण' १८४० साली बंद पडले, पण शास्त्रीबुवांनी मत झाकून ठेवले नाही. १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणात, मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, अशी भूमिका त्यांनी उघडपणे घेतली आणि सनातन्यांचा रोष पत्करला.

पुढचा सगळा इतिहास याच वाटेने गेलेला दिसतो. प्रस्थापित पत्रांत आपल्याला जागा नाही हे ज्यांना जाणवले, त्यांनी त्या पत्रांकडे तटस्थतेची याचना केली नाही, स्वतःचे पत्र काढले. सत्यशोधकांचा आवाज मांडायला कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढले आणि नंतर ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवले. 'केसरी'त टिळकांशी मतभेद झाले तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि १८८८ साली 'सुधारक' निघाले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, ते मुंबई इलाख्यातली पत्रे विशिष्ट जातींचे हितच पाहतात असा स्पष्ट आरोप पहिल्याच अंकात करून. पक्षपाताची याहून मुद्देसूद तक्रार मराठीत क्वचितच झाली असेल. तिला उत्तर मिळाले ते दुसऱ्या पत्राच्या रूपाने.

सिंधुदुर्गाच्या अलीकडच्या राजकारणातही हेच घडले. शिवसेनेचे मुखपत्र 'सामना' १९८८ पासून निघत होते. नारायण राणे २००५ साली शिवसेनेतून बाहेर पडले, काँग्रेसमध्ये गेले आणि मालवणची पोटनिवडणूक जिंकली. २००८ साली राणे कुटुंबाचे 'प्रहार' आले. या दोन पत्रांतली एकच सभा वाचकाला दोन वेगळ्या सभा वाटावी, इतका फरक असू शकतो. तरीही माझ्या मते वाचकाची यात फसवणूक होत नाही. पत्र कुणाचे हे त्याला ठाऊक असते, आणि पहिले पान उघडण्याआधीच किती वजा करायचे हे त्याने ठरवलेले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन पक्षपाती पत्रांची बेरीज म्हणजे सत्य नव्हे. पक्षांच्या रेषेवर न विभागणारे प्रश्न दोघांच्याही हातून निसटू शकतात. या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्याने मासेमारी करणारे यांचा झगडा असाच आहे. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, पण कुणाच्या जाळ्यात काय आले आणि कोण हद्द मोडून आले, हे जेटीवर जाऊन पाहणाऱ्या बातमीदाराशिवाय कळत नाही. तिथे मताच्या पत्राचा उपयोग संपतो, हे मान्यच केले पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की गावातले घर दोन पत्रे घेत नाही, एकच घेते. खरे आहे. पण म्हणूनच त्या एका पत्राची बाजू उघड असणे अधिक गरजेचे ठरते.

मला खरी भीती वाटते ती उघड बाजूची नाही, विकत घेतलेल्या बाजूची. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत एकाच नेत्याची स्तुती करणारा मजकूर जवळपास शब्दशः सारखा छापून आला, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले. वर 'जाहिरात' असा शब्द नव्हता. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, परंजय गुहा ठाकुर्ता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, या पेड न्यूजचा सविस्तर अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. २०१० साली कौन्सिलने त्याऐवजी छोटा, नावे गाळलेला अहवाल स्वीकारला, आणि मूळ अहवाल लोकांसमोर यायला २०११ साली केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशाची वाट पाहावी लागली. पत्राचा मुद्रक, प्रकाशक कोण हे प्रत्येक अंकात छापण्याची सक्ती आपल्याकडे ब्रिटिश काळापासून आहे. बातमीचे पैसे कुणी दिले, हे छापायला लावणारी तशी सक्ती नाही. पक्षपाताविरुद्ध बोलणाऱ्या वाचकांनी आणि पत्रकार संघटनांनी आधी तिचाच आग्रह धरावा, निवडणुकीच्या महिन्यात तर नक्कीच.