मांड्यांची विद्या

खापर, म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे भांडे, हा खानदेशी मांड्यांचा तवा होय. पुरण भरलेला सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर फिरवत ताणून त्यावर टाकला जातो. हा पदार्थ मंडक या नावाने कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात येतो. ज्ञानेश्वरादी भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने कुंभारांना खापर देऊ दिले नाही, म्हणून मुक्ताबाईने ज्ञानेश्वरांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा प्रसिद्धच आहे. आणि खानदेशातले, पूर्वी एदलाबाद म्हटले जाणारे मुक्ताईनगर आज मुक्ताबाईचेच नाव धारण करते, हा योग लक्षणीय म्हणावा लागेल. स्वयंपाकाची विद्या इतरत्र शाळांत आणि पुस्तकांत गेली: पॅरिसमध्ये १८९५ साली मार्थ दिस्तेल या पत्रकार स्त्रीच्या पाकसाप्ताहिकातून ‘ल कॉर्दाँ ब्ल्यू’ ही पाकशाळा उभी राहिली, तर मराठीत १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ हे पाकपुस्तक आले. मांड्यांचे शिक्षण मात्र सासू, जाऊ, नणंद यांच्या शेजारी बसूनच होत राहिले, कारण कणीक कोणत्या क्षणी ताणायची हे बोटांनाच कळते आणि ते प्रमाणांच्या कोष्टकात बसत नाही.