सुक्याबरोबर ओलं जळू नये म्हणून

१९९८ साली माझ्या खालांवर केमोथेरपी सुरू होती. दुखणं ओटीपोटातलं. एके सकाळी उशीवर पडलेला केसांचा पुंजका हातात घेऊन त्या मला म्हणाल्या, ‘‘बेटा, रोग पोटात आहे ना? मग या केसांनी कुणाचं काय बिघडवलं होतं?’’

मी साधा बी.ए., त्यात कविता करणारा. मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं. हे औषध झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारतं. कर्करोगाची पेशी झपाट्यानं वाढते. पण केसांच्या मुळाची, तोंडाच्या अस्तराची, अस्थिमज्जेतली पेशीही तशीच वाढते. औषधाला वेग तेवढा कळतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

जंतू बाहेरून येतो, म्हणून तो ओळखता येतो. कर्करोगाची पेशी आपल्याच घरची. तिला वेगळं काढायचं कशावरून?

निवडून मारण्याचं स्वप्न मात्र जुनं आहे, आणि ते सुरू झालं रंगांपासून. रंगाऱ्याला ठाऊक असतं, की लोकरीला धरणारा रंग सुताला धरेलच असं नाही. पॉल एर्लिश या जर्मन विद्यार्थ्यानं हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कापडासाठी नव्यानं निघालेले अ‍ॅनिलिन रंग काही पेशींना चिकटत, शेजारच्या पेशींना शिवतही नसत. १८७८ साली त्यानं यावरच प्रबंध लिहिला. रंग निवडून चिकटतो, तर विष का नाही चिकटणार? त्या कल्पनेला त्यानं नाव दिलं ‘जादूची गोळी’. १९१० साली उपदंशावरचं साल्वरसान बाजारात आलं आणि ती गोळी बऱ्याच अंशी खरी ठरली. कर्करोगावरही त्यानं उंदरांत पुष्कळ काम केलं. तिथं मात्र नेम लागला नाही.

पुढचा धागा हाती लागला तो चक्क नळाच्या पाण्यामुळे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला पीटर नोवेल हे डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी तपासत होते. काचपट्टी त्यांनी साध्या नळाच्या पाण्यानं धुतली. पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं मोकळी पसरून दिसू लागली. डेव्हिड हंगरफोर्ड या सहकाऱ्याबरोबर ती बघताना लक्षात आलं, की एका जातीच्या रक्तकर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड असतं. हे १९६० साली प्रसिद्ध झालं. आजारी पेशीवर पहिल्यांदाच एक पक्की खूण सापडली होती.

तो तुकडा गेला कुठे, याचं उत्तर यायला १९७३ साल उजाडलं. शिकागोच्या जॅनेट राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रं कात्रीनं कापून जुळवत बसायच्या. ‘आई कागदाच्या बाहुल्या खेळते,’ म्हणून मुलं थट्टा करायची. (बायकांचं संशोधन स्वयंपाकघराच्या किती जवळून गेलंय, यावर कधीतरी स्वतंत्र बोलायला हवं.) गुणसूत्रांवर पट्टे उठवणारे रंग तोवर आले होते. पुन्हा रंगच! त्या पट्ट्यांवरून राउलीबाईंना दिसलं, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. तो नवव्याला जोडला गेलाय आणि नवव्याचा बाविसाव्याला.

या अदलाबदलीतून एक विचित्र प्रथिन तयार होतं. ते पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम देत राहतं, थांबतच नाही. निरोगी पेशीत ते नसतंच. मग त्यालाच कुलूप घालणारं रसायन शोधलं गेलं: इमॅटिनिब. ब्रायन ड्रुकर यांनी रुग्णांवर त्याची पहिली चाचणी सुरू केली ती जून १९९८मध्ये, खालांचे केस गळत होते त्याच वर्षी. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली. तिचेही त्रास आहेत, पण रुग्ण ती घेऊन कामावर जातात.

भारतात तिची किंमत होती महिन्याला लाखाच्या वर. इथल्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळे. पेटंटचा हा वाद १ एप्रिल २०१३ला सर्वोच्च न्यायालयात मिटला. मूळ कंपनीचा दावा फेटाळला गेला आणि स्वस्त गोळी राहिली.

अलीकडे पवईच्या आयआयटीनं आणि टाटा रुग्णालयानं मिळून वेगळीच वाट धरली. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, सीडी-१९ ही खूण ओळखायला त्यांना शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. ऑक्टोबर २०२३मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. पण सीडी-१९ ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते. त्याही मरतात. त्यांच्यावाचून माणूस जगू शकतो, गरज पडली तर प्रतिपिंडं बाहेरून देता येतात, म्हणून हे चालतं. आतडं किंवा यकृत असं गमावून चालणार नाही. त्यामुळे खालांच्या पोटात होती तशा गाठींवर, तिथंच सापडेल आणि दुसरीकडे कुठंच नाही, अशा खुणेचा शोध अजून चालू आहे.