न्याईची कहाणी आणि इंडोनेशियन वाङ्मयेतिहासाचा आरंभ

आधुनिक इंडोनेशियन कादंबरीचा इतिहास सामान्यतः १९२० पासून सांगितला जातो. त्या वर्षी मेरारी सिरेगार यांची ‘अझाब दान सेंगसारा’ ही कादंबरी ‘बालाई पुस्ताका’ या वसाहत सरकारच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी मारा रुस्ली यांची ‘सिती नुरबाया’ आली. दोहोंच्या केंद्रस्थानी मनाविरुद्ध लग्नाला उभी राहिलेली तरुणी आहे. त्यामुळे या कादंबरीतील स्त्रीप्रश्न म्हणजे रूढी विरुद्ध व्यक्ती हा संघर्ष, असे समीकरण अभ्यासकांत रुजले. या समीकरणात एक स्त्री गाळली गेली आहे. तिला ‘न्याई’ म्हणत.

जावा बेटावर ‘न्याई’ हा शब्द वडीलधाऱ्या किंवा मान्यवर स्त्रीसाठी आदराने वापरला जातो. ‘मुहम्मदिया’ या धर्मसुधारक संघटनेचे संस्थापक अहमद दहलान यांच्या पत्नी ‘न्याई अहमद दहलान’ म्हणूनच ओळखल्या जात. वसाहतकाळात मात्र युरोपीय पुरुषाच्या घरी विवाहाविना राहणारी, त्याचे घर चालवणारी आणि त्याची मुले वाढवणारी देशी स्त्री, असा अर्थ त्याच शब्दाला चिकटला. एकाच शब्दात आदर आणि अवहेलना अशी शेजारी नांदू शकते, हेच तिच्या स्थानाचे नेमके वर्णन ठरावे. तिला मालक वाटेल तेव्हा घराबाहेर काढू शकत असे. त्याहून दाहक बाब मुलांची होती. १८४८ साली लागू झालेल्या नागरी कायद्यानुसार पित्याने कायदेशीर स्वीकार केलेले मूल युरोपीय गणले जाई आणि देशी मातेला त्याच्यावर पालकत्वाचा अधिकार उरत नसे. मुलाला पित्याचे नाव मिळण्याची किंमत माता आपल्या मातृत्वाने चुकती करी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारातल्या, बोलीच्या मलय भाषेत जे मुद्रित कथावाङ्मय फोफावले, त्यात ही स्त्री वारंवार येते. युरेशियन आणि चिनी वंशाच्या लेखक-पत्रकारांचा या वाङ्मयात मोठा वाटा होता. त्यातील सर्वांत गाजलेली संहिता म्हणजे जी. फ्रान्सिस यांची ‘न्याई दासिमा’ (१८९६). एका सुस्वभावी इंग्रजाच्या घरी सुखात असलेल्या दासिमाला सामीउन नावाचा विवाहित मुसलमान पुरुष धर्माची भीती घालून फोडतो, आपली दुसरी बायको करतो, तिचे द्रव्य लुबाडतो आणि अखेर मारेकऱ्याकरवी तिचा खून घडवतो. तिचे प्रेत चिलिवुंग नदीतून वाहत येते. या रचनेतील पूर्वग्रह उघडच आहे: गोरा धनी उदार आणि देशी वस्ती कपटी. परंतु हे पूर्वग्रह बाजूला सारून पाहिले तर दासिमाने घर का सोडले, या प्रश्नाशी संहिता स्वतःच अडखळते. केवळ फसवणुकीने ती बाहेर पडली असे निवेदकाला म्हणायचे आहे. पण तिच्या मनातली अस्वस्थता मुळात आधीची आहे आणि तिचे कारण त्या घरातील तिच्या नामहीन स्थानातच आहे. पुढे १९६० च्या दशकात एस. एम. आर्दान यांनी हीच कथा पुन्हा लिहिताना याच फटीतून प्रवेश केला आणि दासिमाचे बाहेर पडणे हा तिचा स्वाभिमानाचा निर्णय ठरवला.

एच. कोमर यांची ‘न्याई पाइना’ (१९००) याहून वेगळी. साखर कारखान्याच्या गोऱ्या व्यवस्थापकाकडे सक्तीने पाठवली जाणारी पाइना त्याच्याकडे जाण्यापूर्वी स्वतःला मुद्दाम देवीच्या रोगाचा संसर्ग करून घेते. तो मरतो, ती वाचते. दासिमाची कथा दयेवर उभी आहे. पाइनाच्या कथेत तिचे शरीरच शस्त्र होते.

हे वाङ्मय ‘बालाई पुस्ताका’च्या कक्षेत बसणारे नव्हते. १९०८ मध्ये नेमलेल्या लोकवाचन समितीतून १९१७ साली या संस्थेला आकार आला. शालेय, ‘शुद्ध’ मलय भाषा आणि निरुपद्रवी आशय हे तिचे निकष होते. बाजारातल्या भाषेतील राजकीय पुस्तकांवर तर ‘रानटी वाचन’ असा शिक्का बसला. भाषेच्या निकषाबरोबर एक पात्र आणि त्या पात्राबरोबर एक प्रश्नही हद्दपार झाला. सरकारी छापखान्यातून निघणाऱ्या कादंबरीत वसाहतीचा कायदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहणे शक्यच नव्हते. स्त्रीच्या दुःखाचे उत्तरदायित्व आता देशी रूढीवर आले.

‘सिती नुरबाया’चे प्रचलित वाचन याची साक्ष देते. सक्तीच्या विवाहांचा काळ या अर्थाने ‘सिती नुरबायाचा जमाना’ असा वाक्प्रचारच इंडोनेशियन भाषेत रूढ आहे. कादंबरी बारकाईने वाचली तर मात्र नुरबायाला दातुक मेरिंगीच्या घरी नेणारी गोष्ट रूढी नसून पित्याचे कर्ज आहे, हे ध्यानात येते. मेरिंगी सावकार आहे. परंपरेचा प्रतिनिधी म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणे सोयीचे असले तरी संहितेला धरून नाही. शेवट तर अधिकच बोलका आहे. नुरबायाचा प्रियकर सामसुलबाहरी वसाहत सरकारच्या सैन्यात अधिकारी होतो आणि पादांगमधील करविरोधी बंड मोडण्यासाठी येतो. त्या बंडाच्या अग्रभागी मेरिंगी असतो. दोघे एकमेकांच्या हातून मरतात. प्रेयसीचा सूड आणि राज्यकर्त्यांची कामगिरी एकाच तलवारीने पार पडते! ‘आधुनिक’ नायकाच्या बाजूने उभे राहणाऱ्या वाचकाला नकळत करवसुलीच्याही बाजूने उभे राहावे लागते. अब्दुल मुईस यांच्या ‘सालाह आसुहान’मध्ये (१९२८) कायद्याचा विषय डोकावतो, पण तोही पुरुषाच्या अंगाने: हनाफी स्वतःसाठी युरोपीय दर्जा मिळवतो आणि पत्नी रापिया मागे राहते.

गाळलेली न्याई परत आली ती तुरुंगातून. प्रामूद्या अनंता तूर यांनी बुरू बेटावरील बंदिवासात, लेखनसाहित्य हाती नसताना, १९७३ पासून सहबंद्यांना जी कथा तोंडी सांगितली, ती १९८० मध्ये ‘बुमी मानुसिया’ या नावाने छापून आली आणि १९८१ मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे १९८२ मध्ये ‘तेंपो दुलू’ या संकलनात दासिमा आणि पाइना यांच्या कथा पुन्हा छापून त्यांनी वाङ्मयेतिहासाच्या १९२० या आरंभरेषेलाच आव्हान दिले. कादंबरी आणि संकलन हे एकाच भूमिकेचे दोन आविष्कार आहेत. ‘आनाक समुआ बांग्सा’ या दुसऱ्या खंडातील सुराती पाइनाप्रमाणेच स्वतःला देवीचा संसर्ग करून घेते, हा योगायोग नव्हे.

‘बुमी मानुसिया’तील सानिकेमला तिचा पिता २५ गुल्डन आणि साखर कारखान्यातील खजिनदाराच्या पदाच्या मोबदल्यात हेरमान मेलेमाला विकतो. ती डच शिकते, व्यवसाय उभा करते, ‘न्याई ऑन्तोसोरो’ म्हणून नावाजते. ‘बाइटेनझोर्ख’ या डच नावाचे जावी जिभेवर झालेले रूप म्हणजे ऑन्तोसोरो. तिची ओळखही अशी मालकाच्या पाटीवरून आलेली. तिचे कर्तृत्व वाचकाला इतके दिपवते की शेवटचा निवाडा अनपेक्षित वाटतो. खरे तर तो १८४८ पासून ठरलेलाच आहे. मेलेमाच्या मृत्यूनंतर गोऱ्यांचे न्यायालय तिची कन्या आन्नेलिस हिला तिच्यापासून तोडून हॉलंडला धाडते. सारी दौलत, सारे शिक्षण यांपैकी काहीही सानिकेमला कायद्याच्या लेखी माता करू शकत नाही.

मात्र या पुनरागमनाला एक मर्यादा आहे आणि स्तुतिपर समीक्षेने तिची फारशी दखल घेतलेली नाही. सानिकेमची पूर्वकथा वाचकाला तिच्याकडून थेट मिळत नाही. ती आन्नेलिसला सांगते, आन्नेलिस मिंकेला ती आईच्याच शब्दांत ऐकवते, मिंके ती लिहून ठेवतो. प्रथमपुरुषी ‘मी’ सानिकेमचा आहे. लेखणी तिची नाही. फ्रान्सिस, कोमर, मिंकेच्या पात्रामागे असलेले पत्रकार तीर्तो आदी सूर्यो (‘न्याई रत्ना’, १९०९) आणि स्वतः प्रामूद्या अशी न्याईच्या कथनकारांची परंपरा पाहिली तर ती सर्वस्वी पुरुषांची आहे.

शिवाय न्याईचे दुःख निव्वळ गोऱ्या कायद्याचे फलित नव्हते, हे प्रामूद्या यांनाच अधिक ठाऊक होते. आपल्या आजीच्या आयुष्यावर बेतलेली ‘गादिस पांताई’ त्यांनी १९६० च्या दशकारंभी, अटकेपूर्वी, नियतकालिकातून क्रमशः लिहिली. ती पुस्तकरूपाने १९८७ मध्ये आली. तीत युरोपीय धनी नाही. रेम्बांगचा जावी सरंजामी अधिकारी कोळ्याच्या मुलीला सरावापुरती बायको म्हणून घरात आणतो आणि मुलगी झाल्यावर आईला सोडचिठ्ठी देऊन अपत्य ठेवून घेतो. येथे नागरी कायद्याच्या कलमाची गरजच पडत नाही. या नायिकेला संपूर्ण कादंबरीत ‘किनाऱ्यावरची मुलगी’ एवढेच संबोधन आहे. तिचे पुढे काय झाले ते सांगणारे उरलेले दोन खंड १९६५ च्या उत्पातात लेखकाच्या कागदपत्रांबरोबर नष्ट झाले.