मुदत संपलेल्या नावांची कुळकथा

डोमेन नाव म्हणजे संगणकांच्या आकडी पत्त्याऐवजी माणसांच्या लक्षात राहावे म्हणून योजलेले अक्षरी नाव. ते विकत मिळते अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी ते कोणाच्याच कायम मालकीचे होत नाही. शुल्क भरणाऱ्याला ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्क मिळतो आणि डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत ही मुदत एका वेळी १० वर्षांपलीकडे नेता येत नाही. मुदत संपल्यावर नावाचे काय करायचे, याचे आजचे नियम एका बैठकीत ठरलेले नसून चुका, गैरवापर आणि तक्रारी यांतून एकेक करून घडत गेले आहेत. त्यामुळे ते कोणत्या क्रमाने आले हे पाहिले, की ते का आले हेही कळते.

आरंभी या नावांना मुदतच नव्हती. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डोमेन नाव प्रणालीचा आराखडा मांडला, तोवर नेटवर्कवरील सर्व संगणकांची नावे कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील एसआरआय या संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये नोंदली जात. नव्या प्रणालीत १५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीने डॉट कॉममधील पहिले नाव नोंदवले, तेव्हा आणि नंतरची दहा वर्षे नावे विनामूल्य मिळत होती, कारण नोंदणीचा खर्च अमेरिकी सरकार उचलत असे. १९९३पासून हे काम नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे आले. व्यापारी कंपन्यांची मागणी झपाट्याने वाढल्यावर, १४ सप्टेंबर १९९५पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर शुल्क आकारण्याची परवानगी तिला मिळाली. शुल्क सुरू झाले तसे नूतनीकरण आले, थकबाकी आली आणि थकबाकीपोटी नाव काढून घेण्याची प्रथाही रुजली.

या व्यवस्थेचा ठिसूळपणा १९९९च्या नाताळात जगापुढे आला. हॉटमेलच्या वापरकर्त्यांची ओळख पटवण्यासाठी मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम हे नाव वापरत असे. त्याचे शुल्क भरायचे राहून गेल्याने अनेकांना आपली टपालपेटी उघडता येईना. अखेर कंपनीशी संबंध नसलेल्या एका प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून ३५ डॉलर भरले आणि सेवा पूर्ववत झाली. पैसे कोणीही भरले तरी चालत असल्यामुळे हे निभावले. पण तेच नाव काढून टाकले जाऊन दुसऱ्याने घेतले असते, तर ते परत मिळवणे सोपे नव्हते.

दरम्यान १९९८मध्ये आयकॅन ही समन्वयक संस्था स्थापन झाली आणि १९९९पासून कामाची विभागणी झाली. डॉट कॉमसारख्या एका शेपटाची मूळ नोंदवही सांभाळणारी ती रजिस्ट्री आणि ग्राहकाकडून पैसे घेऊन त्या वहीत नोंद करवणारा तो रजिस्ट्रार. स्पर्धेमुळे नावे स्वस्त झाली, पण सुटलेली नावे टिपणारा धंदाही उभा राहिला. रजिस्ट्रारने काढलेले नाव थोड्याच दिवसांत खुले होई आणि ज्याची विनंती आधी पोहोचेल त्याचे ते होई. म्हणून काही कंपन्यांनी अनेक रजिस्ट्रारांचे परवाने घेऊन एकाच क्षणी विनंत्यांचा भडिमार करण्याची यंत्रणा उभारली. अनवधानाने नाव गमावणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर आयकॅनने काढलेले नाव मूळ धारकाला परत घेता यावे म्हणून सोडवणुकीचा काळ सुचवला आणि जानेवारी २००३पासून तो डॉट कॉम व डॉट नेटला लागू झाला.

आजचा क्रम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लीप नसलेल्या वर्षी एखाद्या डॉट कॉम नावाची मुदत १ जानेवारीला संपली, तर रजिस्ट्री ते आपोआप एक वर्षासाठी वाढवते आणि रजिस्ट्रारच्या खात्यातून शुल्क वळते करते. मात्र रजिस्ट्रारने ४५ दिवसांत नाव काढले, तर ते शुल्क त्याला परत मिळते. ग्राहकाला मुदतीनंतरही नूतनीकरणासाठी मिळणारी सवड याच हिशेबातून निघते. १५ फेब्रुवारीच्या सुमारास नाव काढले गेले, तर पुढचे ३० दिवस ते नोंदवहीत गोठवलेल्या अवस्थेत राहते आणि बरेच जादा शुल्क भरून फक्त मूळ धारकालाच सोडवता येते. १७ मार्चनंतरचे ५ दिवस कोणालाही काही करता येत नाही आणि २२ मार्चच्या सुमारास नाव सर्वांना खुले होते. असे एकूण ८० दिवस असले, तरी पहिल्या ४५ दिवसांवर धारकाचा पक्का हक्क नसतो. रजिस्ट्रार ते आधीही काढू शकतो किंवा करारातील कलमानुसार लिलावात दुसऱ्याला देऊ शकतो.

२०१३च्या नियमांनी धारकाला वेळेवर जाग यावी अशी तजवीज केली. मुदतीपूर्वी साधारण महिनाभर व आठवडाभर आधी आणि मुदतीनंतर ५ दिवसांच्या आत सूचना देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक झाले. शिवाय नूतनीकरणाच्या उरलेल्या संधीतील निदान शेवटचे ८ दिवस नावाची वाट मुद्दाम तोडायची, म्हणजे संकेतस्थळ बंद पडलेले पाहून तरी धारक धावत येईल, असे ठरले. ही तरतूद कठोर वाटली तरी हितकर आहे, कारण न वाचलेल्या ईमेलपेक्षा बंद पडलेले स्थळ लवकर नजरेस येते. सूचनांसाठी त्याच नावावरचा ईमेल दिला असेल, तर मात्र नाव बंद पडताच पुढच्या सूचनाही पोहोचत नाहीत.

हे नियम आयकॅनच्या कराराखालील सामान्य नावांना लागू असतात; देशांच्या शेपटांचे नियम त्या त्या देशात ठरतात. भारतात डॉट इन आणि २०१४मध्ये देवनागरीत खुले झालेले, मराठीलाही सामावणारे डॉट भारत, ही दोन्ही शेपटे निक्सी ही संस्था सांभाळते.

या साऱ्या सुधारणांनी धारकाचे रक्षण केले. नावावर विसंबणाऱ्या इतरांचे मात्र केले नाही. डॉट मोबी नावांची नोंदणी-माहिती देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता बदलल्यावर जुने नाव सोडून देण्यात आले होते. २०२४मध्ये सुरक्षा संशोधकांनी ते अवघ्या २० डॉलरला घेतले, तेव्हा काही दिवसांतच १,३५,०००हून अधिक यंत्रणा तिथे माहिती विचारत असल्याचे दिसले. नोंदवहीतून नाव पुसले गेले, तरी जुने दुवे, ईमेलचे पत्ते आणि यंत्रांत लिहून ठेवलेल्या सूचना त्या नावाकडेच बोट दाखवत राहतात. म्हणून वृत्तपत्रे, ग्रंथालये, शाळा आणि बँका यांनी नाव कर्मचाऱ्याच्या नव्हे तर संस्थेच्या नावे नोंदवावे, संपर्काला वेगळ्या नावावरचा ईमेल द्यावा आणि वापर थांबल्यावरही अनेक वर्षे त्याचे शुल्क भरत राहावे; लोकांचा विश्वास एकदा स्वीकारल्यावर तो परक्याच्या हाती जाऊ न देणे हे त्या संस्थेचे कर्तव्यच आहे.