पाव-निम्म्याच्या रेघा

रुपयाचे सोळा आणे आणि शेराचे सोळा छटाक, या मापांवर जुन्या व्यापाराचा हिशेब चालत असे. बेळगावची पेठ असो वा निपाणीचा तंबाखूचा बाजार, वहीत पूर्णांकापुढे नुसत्या रेघा ओढून अपूर्णांक मांडीत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे निम्मा, तीन म्हणजे पाऊण. दीड लिहायचा तो १॥ असा, अडीच २॥ असा. उभ्या रेघांपुढे आडवी किंवा तिरपी रेघ आली की ती एका आण्याची. अशा रेघा तीनच, कारण चौथा आणा झाला की पाव भरतो. अकरा आण्यांना दोन उभ्या नि तीन तिरप्या रेघा लागत. केवळ सहा चिन्हांत एक ते पंधरा आणे लिहिता येत. अंश-छेदाची खटपट नाही. इतकी आटोपशीर मांडणी विरळाच. पंतोजी पाठ करून घेत ती पावकी, निमकी, पाऊणकी म्हणजे याच हिशेबाची तोंडी बाजू.

मोडी, देवनागरी आणि कन्नड या तिन्ही लिप्यांत या रेघा चालत. सीमाभागात म्हणूनच त्यांचे मोल विशेष: अक्षरे नि आकडे वेगळे, अपूर्णांक मात्र सामाईक.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून निपाणीसह बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ला, रुपयाचे शंभर नये पैसे झाले, आणि १९५८पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली. शंभराचे भाग सोळांशाच्या रेघांत बसेनात. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वह्यांतून त्या हटल्या. मोडीही त्याच सुमारास शाळांतून गेली.

संगणकावर देवनागरी आली तेव्हा या चिन्हांना जागा नव्हती. जुने दप्तर टंकणारे पावासाठी दंड आणि निम्म्यासाठी दोन दंड वापरत. दिसायला ते ठीक, पण संगणकाच्या लेखी दंड हे विरामचिन्ह. त्याला संख्येची किंमत नाही. लिपी-अभ्यासक अंशुमान पांडे यांच्या प्रस्तावानंतर २००९ साली युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या ५.२ आवृत्तीत हिशेबाची दहा चिन्हे आली. त्यांत अपूर्णांकांची सहा असून प्रत्येकाला त्याचे मूल्य जोडलेले आहे. मोडी लिपी २०१४मध्ये आली.

नेहमीच्या मराठी कळफलकावर ही चिन्हे नाहीत. वर्डमध्ये इंग्रजी ए आणि ८३० टंकून आल्ट व एक्स या कळा एकत्र दाबल्या की पावाची रेघ उमटते. ८३१ला निम्मा, ८३२ला पाऊण. समीकरणांची सोय इथे कामाची नाही, ती अंशाखाली छेद मांडते. फाँटमध्ये चिन्ह नसेल तर रिकामा चौकोन दिसतो, तेव्हा फाँट बदलावा.

बेळगाव-निपाणीच्या जुन्या वह्या टंकणाऱ्यांनी दंडाची सवय सोडून हीच चिन्हे वापरावीत.